पाच चुलींचं आवतण

मुंजाजीच्या नातवाचं, अंगदचं, लग्न ठरलं आणि त्यापायी तीनशे बारा माणसांच्या ईमेलच्या पेट्या एका दुपारी तुंबल्या.

ही तीनशे बारा माणसं मेंढरं-शेरडं पाळणारी. परभणीच्या निवृत्त जनावरांच्या डॉक्टर पद्माबाई यांनी त्यांचा एक ईमेलचा गट केलेला आहे. गटाच्या पत्त्यावर एकानं पत्र लिहिलं की ते सगळ्यांना जातं, आणि कुणी उत्तर दिलं की तेही सगळ्यांना. फोनवर गप्पांचे इतके गट असताना ईमेल कशाला, असं माझ्या वर्गातल्या पोरांनी मला विचारलं होतं. तिकडं सकाळी विचारलेला प्रश्न दुपारपर्यंत गुलाबाच्या फुलांखाली आणि सुविचारांखाली जातो. इकडं तीन वर्षांपूर्वी खुरांच्या दुखण्यावर कुणी काय लिहिलं ते आजही शोधून सापडतं. शिवाय माळावर कळपामागं फिरणाऱ्या माणसाच्या फोनला रेंजची एकच काडी असते. तेवढ्यात साधी अक्षरं तरी उतरतात.

माझ्याकडं एकही मेंढी नाही. मी अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं सांभाळली आणि आता शाळा सुटल्यावर माझ्या ओसरीवर एका जुन्या लॅपटॉपभोवती तीच सांभाळते. गाव आमचं सेनगावपासून जीपनं अर्ध्या तासावर. ओसरीवरची सातवीतली राधिका ही मुंजाजीची नात. आजोबाला गटातली पत्रं वाचून दाखवायचं आणि तो सांगेल ते टाईप करायचं काम तिचं. तिच्या काना-मात्रा तपासता तपासता मीही गटात शिरले.

मुंजाजीचं वय चौऱ्याहत्तर. गुडघे गेले तसं त्याचं मेंढरांमागं जाणं सुटलं. आता तो लिंबाखाली बाजेवर बसून असतो. घरात त्याला विचारतात ते एवढंच, गोळी घेतली का. गटात मात्र त्याला सगळे विचारायचे. तो डोळे मिटून सांगायचा, राधिका लिहायची, आणि खाली पद्माबाईंची एक ओळ यायची, 'मुंजाजीराव म्हणतात ते बरोबर.' ती ओळ तो दोनदा वाचायला लावायचा. एकदा सांगलीकडच्या माणसानं त्याचे आभार मानले, तर त्या दिवशी तो बाजेवर फेटा बांधून बसला होता.

आता पाच चुलींचं. मुंजाजी पाच भावांत थोरला. चुली वेगळ्या, आवतणं मात्र सगळ्यांनी द्यायची, अशी त्यांच्या भावकीची रीत. घरात लग्न निघालं की पाचही चुलींचा माणूस दारोदार जाऊन वेगवेगळं आवतण देतो. एक चूल जरी आली नाही तरी लोक समजतात, भावाभावांत फाटलं. दोन नंबरचा प्रभू तर दुसऱ्याच्या तोंडून आपलं आवतण जाऊच देत नाही.

अंगदनं वारंगा फाट्याच्या एका दुकानातून लग्नाचा व्हिडिओ करून आणला. त्यात ढोल वाजतात, पाकळ्या पडतात, अंगद गॉगल लावून ढगावर बसून येतो आणि शेवटी निमंत्रकाचं नाव सोनेरी अक्षरांत फिरतं. नाव एकच फिरणार म्हटल्यावर प्रभू जेवला नाही. मग पाच व्हिडिओ झाले. ढग तोच, नाव वेगळं. एकेक फाईल वीस एमबीची.

एका सोमवारी दुपारी राधिकानं पाचही फाईली गटाला पाठवल्या. पाच पत्रं, प्रत्येकात एक फाईल, आणि पत्रात एक अक्षरही नाही. दुकानदारानं फाईलला नाव दिलं होतं 'फायनल नवीन फायनल दोन'.

पुढं जे झालं ते मी ओसरीवर बसून पाहत होते. एकानं हा व्हायरस समजून फोन बंद केला आणि ज्वारीच्या कोठीत ठेवला. चाळीसेक जणांनी 'अभिनंदन' लिहिलं, पण लिहिताना तेच पत्र फाईलसकट पुन्हा सगळ्यांना ढकललं. मग 'पोचलं' म्हणणारे आले, तेही ढगासकट. एकानं सगळ्यांना बजावलं की फाईली पाठवू नका, आणि कुठली फाईल ते कळावं म्हणून ती खाली जोडली. संध्याकाळपर्यंत अंगद त्या ढगावरून पन्नास वेळा उतरला.

मंगळवारी पद्माबाईंचं पत्र आलं. 'मुंजाजीराव, गटाचा नियम आहे की न विचारता फाईल जोडायची नाही. तुमचं पाठवणं महिनाभर थांबवत आहे. वाचता येईल, लिहिता येणार नाही. लग्नाला शुभेच्छा.'

राधिका पळतच माझ्याकडं आली. "बाई, आज्जा जेवंना. तुमी चला."

मुंजाजी बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. मला पाहून उठून बसला.

"बाई, तुमी शिकलेल्या हायत. आवतण देणं गुन्हा हाय का?"

"नाही, भाऊ."

"मंग?"

"पाच वेळा दिलंत."

"पाच चुली हायत. चार येळा देऊ का? कुणाची चूल इझवू, सांगा. प्रभूची इझवू?"

प्रभू शेजारीच सुपारी कातरत बसला होता. तो म्हणाला, "माझी काहून? तुझीच इझव."

"आन् ती फाईल काय जड अस्ती का?" मुंजाजीनं मला विचारलं. "ह्या पोरीनं एका बोटानं ढकलली. मी सोता पाह्यलं."

मी काही बोलणार, एवढ्यात फोन चाळणारी राधिका थांबली. "आज्जा, एक परश्न खालीच ऱ्हायला. सोमवारी सकाळी आल्ता. आपल्या फाईलींच्या खाली दबला."

प्रश्न औंढ्याकडच्या तांड्यावरच्या धर्मसिंगचा होता. त्याची एक मेंढी कोकरू मागं ठेवून मेली. दुसऱ्या एका मेंढीचं कोकरू गेलेलं होतं, पण ती ह्या पोरक्याला जवळ येऊ देत नव्हती, शिंगानं उडवायची. बकरीच्या दुधावर त्यानं चार दिवस काढले होते. शेवटी लिहिलं होतं, 'मुंजाजी आज्जाला विचारा.'

मुंजाजी भिंत विसरला. "एवढंच? मेंढी डोळ्यानं लेकरू वळखत न्हाई, नाकानं वळखती. तिचंच दूध काढून कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळायचं. थोडं तिच्या नाकाला. आन् दोघांला अडचणीच्या जागंत कोंडायचं, फिरायला जागा न्हाई अशी. तिसऱ्या दिशी ती त्याला चाटती. लिव्ह, राधे."

"लिव्हता येत न्हाई ना, आज्जा. आपल्याला बंद केलंय."

मुंजाजीचा हात नुसताच बाजेच्या सुतळीवरून फिरत राहिला. अडतीस वर्षांत मी अशी पोरं पाहिली आहेत, ज्यांना उत्तर येतं आणि हात वर करायची मनाई असते.

"गटाला नको. धर्मसिंगला एकट्यालाच पाठव," मी म्हणाले. राधिकानं तिथंच टाईप करून पाठवलं. मुंजाजीला जरा बरं वाटलं, पण हिशेब त्याला पटला नव्हता. मी निघाले तसा पुन्हा म्हणाला, "बाई, जड काय हाय त्यात, ते काई समजलं न्हाई."

समजत नाही असं जो स्वतः म्हणतो, त्याला शिकवण्यासारखं सुख नाही. मी विचारलं, "भाऊ, उद्या सकाळी पाच मेंढ्या द्याल का?"

"कापायला?"

"शिकवायला."

त्यानं प्रभूकडं पाहिलं, प्रभूनं माझ्याकडं. "परत देता ना?" प्रभू म्हणाला.

बुधवारी शाळेला सुट्टी होती. मी पाच पोरं आणि पाच मेंढ्या मुंजाजीच्या अंगणात उभ्या केल्या. वहीच्या कागदावर 'अंगदचं लग्न आहे, अगत्य यावे' असं लिहून, खाली एकेका भावाचं नाव टाकून, लोकरीच्या दोऱ्यानं एकेक चिठ्ठी एकेका मेंढीच्या गळ्यात बांधली. घर निवडलं गल्लीच्या टोकाचं, चाँद पाशा पिंजाऱ्याचं. त्याची बायको खतीजाबी, आणि त्यांची नात रुक्सार माझ्याच वर्गातली. खतीजाबीला आदल्या दिवशी एवढंच सांगून ठेवलं होतं की सकाळी एक चिठ्ठी येईल.

मुंजाजीला दिसावं म्हणून पोरांनी बाज उचलून दारासमोर गल्लीत ठेवली, तोही बाजेवरच होता. चार पोरांनी बाज नेली आणि मुंजाजी वरून म्हणत होता, "मी चाललो असतो रे, मी चाललो असतो."

पहिली मेंढी रुक्सारनं नेली. खतीजाबीनं चिठ्ठी सोडली, वाचून घेतली, खूश झाली, मेंढीला भाकरीचा तुकडा दिला. दुसरी मेंढी कुलदीपनं नेली.

"ये किसका लगन?" खतीजाबीनं विचारलं.

"अंगदचं."

"वोइच अंगद?"

"व्हय दादी. हे प्रभूआज्जाचं आवतण."

तिसरी मेंढी गेली, चौथी गेली. आता एक गोष्ट मला सांगितली पाहिजे, जी मला ठाऊक नव्हती. खतीजाबीनं त्याच सकाळी अंगणात चादर अंथरून कुरडया घातल्या होत्या. ओल्या, पांढऱ्या, ओळीनं. पाचवी मेंढी आत गेली आणि आतून जो आवाज आला तो मुंजाजीनं बाजेवरून ऐकला.

मी धावले. एक मेंढी कुरडया खात होती, दुसरी कुरडयांवर बसली होती, तिसरीचा पाय चिकाच्या पातेल्यात होता. खतीजाबी हातात सोऱ्या घेऊन मधोमध उभी.

"बाई, दावत एक और मेंढ्या पाच? एकीनं सांगितलं तो क्या मेरेकू समजता नहीं? इनकू बांधू कहाँ? मेरेकू घर में जाने कू रस्ता नहीं रह्या."

"चूक माझी आहे, खतीजाबी. कुरडया मी घालून देईन."

"तुमको आती क्या?"

मला येत नाहीत, हे तिला माहीत होतं.

पण धडा अजून संपला नव्हता. पोरांना मी शिकवून ठेवलं होतं, त्याप्रमाणं रुक्सार म्हणाली, "दादी, आता पाचही घरांला कळव की आवतण पोचलं. आन् ह्या पाचही मेंढ्या सोबत पाठव, म्हंजे कशाचं उत्तर ते त्यायला कळंल. परत्येक घरी पाच."

खतीजाबीनं नातीकडं टक लावून पाहिलं. "मुबारक बोलने कू मेंढी लगती क्या? मुँह नहीं क्या मेरेकू?"

माझ्या अख्ख्या तासाचं सार तिनं एका दमात सांगितलं. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण पोरांनी मेंढ्या आधीच हाकल्या होत्या आणि मेंढरू एक पुढं गेलं की बाकीची विचारत नाहीत कुठं चाललो. पाच मेंढ्या प्रभूच्या अंगणात शिरल्या, तर प्रभूच्या वाघुरीतल्या, जाळीच्या कुंपणातल्या, अठरा त्यांच्यामागं बाहेर पडल्या. त्या तेवीस धाकट्याच्या दारात गेल्या, तिथून निघाल्या तेव्हा पन्नास होत्या. पोरं पुढं पळत होती, 'पोचलं, पोचलं' म्हणत होती, आणि मागून सगळी गल्ली लोकरीची होऊन चालत येत होती. दुधाची मोटारसायकल घेऊन आलेला माणूस इंजिन बंद करून ओट्यावर चढून बसला.

शेवटी सगळं मुंजाजीकडं आलं. बाजेच्या चारी बाजूंनी मेंढ्या, एक तर बाजेवरच चढली आणि त्याच्या फेट्याचा वास घेऊ लागली. दारातून सून चहा घेऊन निघाली होती, ती कपबशी डोक्यावर धरून उंबऱ्यावरच उभी राहिली. हसून हसून पोरं भिंतीला टेकली होती. मुंजाजीही हसत होता. प्रभू तेवढा मोजत होता.

तेव्हा गल्लीच्या तोंडाशी राधिका दिसली. फोन वर धरून ती काही तरी ओरडत होती, पण तिला आत येता येईना.

"काय म्हणून राह्यली ती?" मुंजाजीनं विचारलं.

"आज्जा, धर्मसिंगला पाठवलेलं परत आलं," मध्ये उभ्या कुलदीपनं ऐकून सांगितलं.

"काहून?"

"त्याची पेटी भरली म्हणते. आत जागा न्हाई म्हणते."

मुंजाजीचं हसू थांबलं. त्यानं गल्लीच्या तोंडाशी अडकलेल्या नातीकडं पाहिलं, मग उंबऱ्यावरच्या सुनेकडं, मग बाजेवरच्या मेंढीकडं. तिला त्यानं हळूच खाली ढकललं.

"बाई, त्याची पेटी माझ्यानं भरली का?"

"तुमच्या पाच फाईली. आणि पोचलं म्हणत जोडून परत आलेल्या चाळीस-पन्नास."

"आन् अशा तीनशे बारा दारांत?"

"तीनशे बारा."

तो थोडा वेळ मान हलवत राहिला. "तरी म्हणलं, जड काय हाय. बोटाला न्हाई, दाराला जड हाय." मग एकदम मोठ्यानं म्हणाला, "राधे, तिथूनच लिव्ह. डॉक्टर बाईला लिव्ह. तिला आपलं पत्र जातं ना?"

"एकटीला जातं."

मग मेंढ्यांवरून तो सांगत होता आणि पलीकडं राधिका लिहीत होती. मध्ये कुलदीप उभा राहून प्रत्येक वाक्य पुढं पोचवत होता.

"डॉक्टर बाईला रामराम. आवतणाची माफी मागत न्हाई. आवतण कुणी माफीनं देत न्हाई. पर मेंढ्यांची माफी मागतो."

"कोणत्या मेंढ्या?" राधिकानं ओरडून विचारलं.

"तू लिव्ह. धर्मसिंगचा फोन नंबर तुमच्याकडं असंल. त्याला सांगा, पेटीतला आमचा अंगद सगळा पुसून टाक. मंग त्याच्या मेंढीचं सांगा." आणि ते दुधाचं, शेपटीचं, कोंडायचं त्यानं पुन्हा सगळं सांगितलं.

पद्माबाईंनी तासाभरात धर्मसिंगला फोन केला. शनिवारी गटावर त्याचं पत्र आलं, 'मेंढीनं चाटलं. कोकरू पिऊन राहिलं.' त्याखाली पद्माबाईंची ओळ होती, 'मुंजाजीराव म्हणतात ते बरोबर.' आणि त्याखाली आणखी एक, की मुंजाजीरावांचं लिहिणं आजपासून चालू आहे, आणि फाईलींचा नियम त्यांनी आपल्या शब्दांत सगळ्यांना समजावून सांगावा. मुंजाजीनं ते तीनदा वाचायला लावलं आणि सुनेकडं फेटा मागितला.

नियम त्यानं असा सांगितला, राधिकानं तसाच लिहिला. 'जड काही पाठवायचं तर आधी विचारा, पाठवू का. घ्यायचं का नाही ते ज्याचं दार त्यानं ठरवावं. हो म्हणाले तर लहान करून पाठवा. आत काय आहे ते पत्रात चार ओळींत लिहा आणि फाईलला माणसासारखं नाव द्या, आमच्या फाईलला एक जण भिला आणि त्याचा फोन अजून कोठीतच आहे. एकाचंच काम असेल तर त्या एकालाच द्या. शब्दांत सांगता येत असेल तर फाईल नकोच. आणि पोचलं म्हणताना मेंढी परत पाठवू नका, तोंड आहे ते वापरा. हे शेवटचं आमच्या गावच्या खतीजाबीनं सांगितलेलं आहे.'

मेंढीचं कुणालाच कळलं नाही. तिघांनी उलट विचारलं, मेंढी कोणत्या जातीची, आणि वजन किती.

खाली लग्नाचं आवतण होतं. तारीख, गाव, वेळ, आणि पाचही चुलींची नावं वयाप्रमाणं एका ओळीत. प्रभूनं आपलं नाव ठळक करायला सांगितलं होतं. साध्या अक्षरांत तसं होत नाही, असं राधिकानं त्याला पटवलं. तिला तसं करता येतं, हे मला माहीत होतं.

लग्नाला गटातली सत्तावीस माणसं आली. एकमेकांना कधी न पाहिलेली, पण नाव सांगितलं की 'खुरांच्या दुखण्यावाले तुमीच का' म्हणून गळ्यात पडणारी. पद्माबाईही आल्या. पंगत बसायच्या वेळी औंढ्याकडून एक जीप आली, तिच्यातून धर्मसिंग उतरला. मागं जीपमध्ये ती मेंढी उभी होती आणि तिच्या पायाशी कोकरू. दोघांच्याही गळ्यात हार. आज्जाला आहेर.

मुंजाजी काठी टेकत जीपपर्यंत गेला. पाचही भाऊ मागं उभे राहिले. मुंजाजीनं मेंढीला खालून वर पाहिलं.

"पत्र लिव्हलं व्हतं का, आणू का म्हणून?"

धर्मसिंग गोंधळला. "न्हाई, आज्जा."

"केवढी हाय?"

"असंल तीस किलो."

"आन् सोबत अजून एक जोडलंय." मुंजाजीनं पद्माबाईंकडं पाहिलं. "बाई, तुमी सांगा. ह्याचं येणं किती दिवस बंद करायचं?"

पद्माबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, त्यांना बोलता येईना. तेवढ्यात कोकरानं मेंढीच्या पोटाखाली मुंडी घातली आणि प्यायला लागलं. त्याची शेपटी अशी उडायला लागली की जीपचा पत्रा वाजत होता. मेंढीनं मान वळवून त्याची पाठ चाटली. मुंजाजीला वाकता येत नव्हतं. राधिकानं त्याचा हात धरून कोकराच्या पाठीवर ठेवला.

"उतरवा," तो म्हणाला. "पर धर्मसिंग, फुडच्या बारीला लिव्हून इचार. मी व्हय म्हणंल."

पलीकडून गच्चीवरून खतीजाबीचा आवाज आला. दुसऱ्यांदा घातलेल्या कुरडयांवर ती चादर ओढत होती.

"मुंजाजी भाई, आहेर बांधके रखो."